वरचे पैसे

दिवाळीला भाच्यानं पुण्याहून साडी पाठवली. फोनवर म्हणाला, "मावशी, यंदा बोनस चांगला झाला." जांभळी साडी, मला आवडते तशीच. त्याच आठवड्यात आळंदच्या बाजारात त्याची बायको दिसली. दोघं वेगळी झाल्याला तीन वर्षं झाली, सात वर्षांची मुलगी तिच्याजवळ असते. पोरीसाठी बूट बघत होती. भाव विचारायची, खाली ठेवायची.

कोर्टानं मुलीला महिना आठ हजार ठरवलेत. तो दर महिन्याला न चुकता टाकतो, हेही सांगायला हवं. पोरगा वाईट नाही. पण कोर्टापुढं ठेवली होती ती साध्या महिन्याची पगाराची स्लिप.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बोनस म्हणजे पगार नव्हे, मावशी. कंपनीची मर्जी. पुढच्या वर्षी नाही दिला तर?"

मुंबईच्या गिरणीमालकांचं १९२४ साली असंच म्हणणं होतं. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं कामगारांना वर्षाकाठी बोनस मिळाला, मग नफा घटला म्हणून मालकांनी तो बंद केला. दीड लाखाच्या आसपास माणसं संपावर गेली. चौकशी समितीनं सांगितलं की बोनसवर कामगारांचा हक्क शाबीत होत नाही. पुढं चाळीस वर्षांनी, १९६५ साली, कायदा झाला तेव्हा तो हक्काचा ठरला. नंतर किमान ८.३३ टक्के झाला, म्हणजे बारा महिने राबून तेराव्याचा पगार. भाच्याच्या मोठ्या पगाराला तो कायदा लागत नाही. पण आमच्या भागातली कितीतरी माणसं सोलापूरच्या गिरण्यांत राबली, त्यांच्या घरात बोनस म्हणजे पोरांचे कपडे, वह्या आणि उधारी फेडणं. बापाची मौज म्हणून तो कुणी धरला नाही.

पोटगीचं आपल्याकडं ठरीव सूत्र नाही. बापाची ऐपत आणि लेकराची गरज बघून न्यायाधीश ठरवतात. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोघांनीही मिळकत, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावं. नोकरदाराच्या फॉर्म १६ मध्ये वर्षाचा सगळा पगार येतो, बोनससकट. बायांनो, नुसती एका महिन्याची स्लिप बघून गप्प बसू नका. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागता येते, तशी बापालाही कमी करून मागता येते.

तरी भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बोनस धरून महिन्याची रक्कम चढवली आणि पुढच्या साली तो आलाच नाही, तर त्यानं कुठून आणायचे? यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला आठवली आमच्या खजुरीची बटई. तुरीची रास झाली की वाटे पडतात. चांगल्या साली पोती जास्त, दोघांची जास्त. पाऊस गेला तर दोघांची कमी. वरची दहा पोती देवानं मला एकट्याला दिली, असं रानमालक म्हणाला तर गाव हसेल. मग महिन्याचे आठ हजार राहू देत, आणि बोनस येईल त्या साली त्यातला वाटा मुलीच्या नावावर पडू दे. नाही आला, तर नाही.

चातुर्मासात आपण परिग्रहाचं परिमाण घेतो. सोनं, धान्य, कापड, सगळं मोजून लिहितो. वरून आलेलं मोजायचं नाही, असं कुणी महाराज सांगत नाहीत.

हे मी त्याला सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू कुणाकडून आहेस गं मावशी?" आणि थोड्या वेळानं, "आईला सांगू नको."

बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही. साडी मात्र पाडव्याला नेसले होते, बाजारात ती भेटायच्या दोन दिवस आधी. आता नेसलेली साडी परत कशी पाठवायची, तेच कळत नाही.