बदलत्या मोजपट्टीवरचे विक्रम

मैदानी खेळांतील विक्रमाची कल्पना एका साध्या गृहीतावर उभी असते : मोजण्याचे साधन खेळाडूच्या बाहेर असते आणि ते काळाबरोबर बदलत नाही. माइक पॉवेल या अमेरिकी खेळाडूने १९९१ साली तोक्यो येथे मारलेली ८.९५ मीटरची लांब उडी ज्या मीटरने मोजली गेली, त्याच मीटरने आजची उडीही मोजली जाते, आणि म्हणूनच या दोन उड्यांची तुलना वादातीत ठरते. फिगर स्केटिंग या बर्फावरील क्रीडाप्रकारात मात्र हे गृहीत टिकत नाही. नेथन चेन या अमेरिकी स्केटरने डिसेंबर २०१९ मध्ये तुरीन येथील ग्रां प्री अंतिम स्पर्धेत मिळवलेले ३३५.३० गुण हा पुरुष गटातील एक थोर विक्रम मानला जातो. पण ही संख्या कोणत्याही नैसर्गिक एककात नाही. कोणत्या उडीला किती मूल्य द्यायचे, सादरीकरण किती मिनिटांचे असावे, परीक्षकांनी किती टप्प्यांत गुण द्यावेत, हे सारे नियमपुस्तिका ठरवते, आणि नियमपुस्तिका बदलली की संख्येचा अर्थही बदलतो. या खेळातील विक्रम म्हणूनच खेळाडूइतकेच मोजपट्टीविषयीही बोलतात, आणि त्यांचे मोल ठरवताना ही दुहेरी साक्ष लक्षात घ्यावी लागते.

गुणांचा विक्रम ही या खेळातील तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची स्थापना १८९२ साली झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे भरली. तेव्हापासून एक शतकाहून अधिक काळ ‘सर्वाधिक गुण’ ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. परीक्षक शून्य ते सहा या श्रेणीत गुण देत, परंतु त्या गुणांचे काम केवळ त्या दिवशीच्या स्पर्धकांचा क्रम लावण्यापुरते असे, आणि अंतिम निकाल गुणांच्या बेरजेवर न ठरता परीक्षकांनी दिलेल्या क्रमांकांवर ठरे. एका वर्षीच्या ५.८ ची दुसऱ्या वर्षीच्या ५.८ शी तुलना करणे त्यामुळे निरर्थक होते. त्या काळातील विक्रम किताबांच्या संख्येने मोजले जात. स्वीडनच्या उलरिख साल्कोव यांची १९०१ ते १९११ या काळातील दहा जागतिक अजिंक्यपदे, नॉर्वेच्या सोन्या हेनी यांची १९२७ ते १९३६ अशी सलग दहा अजिंक्यपदे व तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, आणि सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिना यांनी दोन वेगवेगळ्या जोडीदारांसह जोडी प्रकारात मिळवलेली तितकीच अजिंक्यपदे व तितकीच सुवर्णपदके, ही त्या परंपरेची शिखरे होत. त्या पद्धतीत परिपूर्णतेलाही एक छत होते. १९८४ साली सारायेवो ऑलिंपिकमध्ये जेन टॉरविल आणि ख्रिस्तोफर डीन या ब्रिटिश जोडीने राव्हेलच्या ‘बोलेरो’वर सादर केलेल्या बर्फनृत्याला एकूण बारा वेळा ६.० गुण मिळाले, आणि कलात्मक प्रभावासाठी तर नऊच्या नऊ परीक्षकांनी तोच गुण दिला. ही कामगिरी गाठता येते, ओलांडता येत नाही. कारण सहाच्या पुढे मोजपट्टीच संपते.

मोजपट्टी काय मोजते यावर अजिंक्यपद कोणाकडे जाते हे किती अवलंबून असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये दिसते. त्या काळी स्पर्धेचा मोठा भाग ‘अनिवार्य आकृत्यां’चा असे. स्केटरने पात्याच्या नेमक्या कडेवर तोल सांभाळत बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या वर्तुळाकार रेषा काढायच्या, त्याच रेषेवरून पुन्हा जायचे, आणि मग परीक्षकांनी वाकून उमटलेल्या रेघा तपासायच्या, असे त्यांचे स्वरूप होते. खेळाचे ‘फिगर’ हे नावही याच आकृत्यांवरून आले. ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबा यांचे आकृत्यांवरील प्रभुत्व असे होते, की मुक्त सादरीकरणात, म्हणजे संगीतावर उड्या, गिरक्या व पदन्यास गुंफलेल्या भागात, सातव्या क्रमांकावर राहूनही त्यांनी सुवर्णपदक मिळवले. उलट मुक्त सादरीकरणात सर्वोत्तम ठरलेल्या अमेरिकेच्या जॅनेट लिन यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. शूबा यांचा विजय नियमांनुसार पूर्णपणे न्याय्य होता; परंतु दूरचित्रवाणीवर केवळ मुक्त सादरीकरण पाहणाऱ्या प्रेक्षकांना असा निकाल अनाकलनीय वाटे. १९७३ पासून स्पर्धेत ठरावीक घटकांचे ‘लघु सादरीकरण’ आले, आकृत्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी होत गेला, आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हद्दपार झाल्या. ज्या कौशल्यात शूबा अतुलनीय होत्या, त्या कौशल्याचा विक्रम मोडण्याचा मार्गच अशा रीतीने बंद झाला.

जुन्या गुणपद्धतीचा अंत मात्र एका घोटाळ्याने झाला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालात एका परीक्षकावर दबाव आल्याचे प्रकरण उघड झाले, रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ पासून संपूर्ण नवी पद्धत स्वीकारली. तीत प्रत्येक घटकाला आधीच ठरलेले मूळ मूल्य असते. तज्ज्ञांचे एक मंडळ घटक कोणता होता आणि तो पूर्ण झाला का हे ठरवते. परीक्षक त्याच्या प्रतीनुसार गुण वाढवतात किंवा घटवतात. आणि स्केटिंगचे कौशल्य, रचना व सादरीकरण यांचे गुण वेगळे मिळतात. या सर्वांची बेरीज होत असल्यामुळे दोन वेगवेगळ्या स्पर्धांतील संख्या प्रथमच शेजारी ठेवता आल्या, आणि ‘विश्वविक्रमी गुण’ ही कल्पना जन्माला आली. पक्षपाताला आळा घालण्यासाठी आणलेल्या हिशेबी पद्धतीने खेळाला नकळत विक्रमांची एक नवी जात दिली.

ही नवी जात जुन्या जातीशी लगेच स्पर्धा करू लागली. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जपानच्या माओ असादा यांनी एकाच स्पर्धेत तीन वेळा तिहेरी ॲक्सेल ही साडेतीन फेऱ्यांची उडी पूर्ण केली, आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. दक्षिण कोरियाच्या किम यू-ना यांनी ती उडी एकदाही न घेता २२८.५६ गुणांचा तत्कालीन विक्रम केला आणि २०५.५० गुणांवर थांबलेल्या असादा यांना मोठ्या फरकाने मागे टाकले. एकाच रात्री, एकाच बर्फावर दोन विक्रम घडले आणि ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे होते : एक, मानवी शरीराला काय शक्य आहे या प्रश्नाचे, आणि दुसरे, नियमांच्या चौकटीत सर्वोत्तम संतुलन कोणी साधले या प्रश्नाचे. दोन्ही उत्तरे खरी आहेत, परंतु गुणफलकावर मावते ते दुसरेच.

गुणांचा विक्रम किती नाजूक असतो हे २०१८ साली स्पष्ट झाले. जपानच्या युझुरु हान्यू यांनी २०१५ च्या अखेरीस नागानो येथे ३२२.४० गुण मिळवून तीनशेची मर्यादा प्रथम ओलांडली आणि अवघ्या दोन आठवड्यांत बार्सिलोना येथे ३३०.४३ पर्यंत मजल मारली. २०१८-१९ च्या हंगामापासून संघटनेने प्रतीचे गुण उणे तीन ते अधिक तीन या श्रेणीऐवजी उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीत देण्याचे ठरवले, चौपट फेऱ्यांच्या उड्यांची मूळ मूल्ये कमी केली, आणि पुरुषांच्या मुक्त सादरीकरणातून अर्धे मिनिट व एक उडी वगळली. मोजपट्टी बदलल्यावर जुन्या संख्यांशी तुलना अशक्य झाली, म्हणून तोवरचे सर्व विक्रम ‘ऐतिहासिक’ ठरवून बंद करण्यात आले आणि नवी यादी कोऱ्या पानापासून सुरू झाली. हान्यू यांचा विक्रम कोणी मोडला नाही. तो संग्रहालयात ठेवला गेला. चेन यांचे ३३५.३० हे नंतरचे गुण ३३०.४३ पेक्षा मोठे दिसतात, पण या दोन संख्यांची वजाबाकी करणे म्हणजे दोन वेगळ्या चलनांतील रकमा विनिमयदर न पाहता एकमेकींतून वजा करणे होय.

प्रथमत्वाचे विक्रम याहून टिकाऊ असतात, आणि ॲक्सेल उडीचा इतिहास त्याचा पुरावा आहे. ही एकमेव उडी समोर तोंड करून घेतली जाते व पाठमोरी उतरते, म्हणून तिच्यात नेहमी अर्धी फेरी अधिक असते. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसन यांनी ती १८८२ साली व्हिएन्ना येथे प्रथम सादर केली. अमेरिकेच्या डिक बटन यांनी १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरी, कॅनडाच्या व्हर्न टेलर यांनी १९७८ साली ओटावा येथे तिहेरी, आणि अमेरिकेच्या इलिया मालिनिन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिड येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, चौपट ॲक्सेल पूर्ण केली. एकेका फेरीसाठी खेळाला अनुक्रमे ६६, ३० आणि ४४ वर्षे लागली. पण हेही विक्रम नियमांच्या बाहेर नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकमध्ये हान्यू यांनी हीच उडी घेतली, ते पडले आणि फेरी अपुरी ठरली. तरी तज्ज्ञमंडळाने तिची नोंद चौपट ॲक्सेल म्हणूनच केली. उडी ‘झाली’ म्हणजे काय, याचा निर्णय शेवटी मंडळाच्या हाती असतो. तिचे मूल्यही नियमच ठरवतात : २०१८ मध्ये चौपट ॲक्सेलचे मूळ मूल्य १५ वरून १२.५ वर आणले गेले, त्यामुळे अर्धी फेरी कमी असलेल्या चौपट लुट्झ या उडीपेक्षा ते केवळ एका गुणाने अधिक राहिले. मालिनिन यांच्या उडीचे ऐतिहासिक मोल आणि तिची गुणफलकावरील किंमत यांत म्हणूनच फारसा संबंध उरत नाही.

नियम ज्यांना मोजतात, त्यांच्याकडूनच नियम बदलले जाण्याची आणखी एक शक्यता असते. १९०२ साली लंडन येथील जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या मॅज सायर्स यांनी पुरुषांबरोबर भाग घेतला, कारण स्त्रियांना मज्जाव करणारा नियमच कोणी लिहिलेला नव्हता, आणि साल्कोव यांच्या पाठोपाठ त्या दुसऱ्या आल्या. पुढच्याच वर्षी संघटनेने स्त्रियांना बंदी केली. परंतु १९०६ साली दावोस येथे स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा सुरू करावी लागली, ती सायर्स यांनी जिंकली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या गटाचे पहिले सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले. १९०२ च्या त्या दुसऱ्या क्रमांकाची गणना कोणत्याही विक्रमांच्या यादीत ठळकपणे होत नाही, तरी हेनींपासून असादांपर्यंतच्या साऱ्या विक्रमांची जागा त्यातूनच निर्माण झाली.

नियमबदलाला कारणीभूत ठरणारी कामगिरी नेहमी गौरवाचीच असते असे मात्र नाही. रशियाच्या कामिला वालियेवा यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सोची येथे २७२.७१ गुण मिळवले. २५ डिसेंबर २०२१ रोजी घेतलेल्या नमुन्यात प्रतिबंधित द्रव्य आढळल्यामुळे क्रीडा लवादाने जानेवारी २०२४ मध्ये त्या तारखेपासून त्यांचे निकाल रद्द केले. परिणामी जानेवारी २०२२ च्या युरोपीय स्पर्धेतील त्यांचे लघु सादरीकरणाचे विक्रमी गुण पुसले गेले, तर नोव्हेंबरमधील एकूण गुण महिन्याभराच्या अंतराने बचावले. बीजिंगमध्ये बर्फावर उतरलेली ही मुलगी पंधरा वर्षांची होती, आणि त्यानंतर संघटनेने ज्येष्ठ गटासाठीची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने सतरापर्यंत नेली. लहान, हलक्या शरीराला अधिक फेऱ्या घेणे सोपे जाते, आणि मूळ मूल्यांची पद्धत अशा फेऱ्यांना भरघोस गुण देते. त्यामुळे या विक्रमांच्या मागे कोवळ्या वयावर टाकलेला भार होता की नाही, हा प्रश्न मोजपट्टी बनवणाऱ्यांनाही टाळता आला नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की मोजपट्टी इतकी अस्थिर असेल तर संख्यांना अर्थच काय. पण हा निष्कर्ष घाईचा आहे. बेरजेच्या पद्धतीने निकालाची फोड करून दाखवता येते, कोणत्या घटकात किती गुण गेले हे स्केटरला समजते, आणि परीक्षकांना आपला निर्णय घटकागणिक नोंदवावा लागतो; जुन्या पद्धतीत हे शक्य नव्हते. संख्या खोट्या नाहीत, त्या केवळ आपल्या नियमपुस्तिकेपुरत्या खऱ्या आहेत. म्हणून ३३५.३० या आकड्याशेजारी त्याचे वर्ष, त्या वर्षीची मूल्यतालिका आणि सादरीकरणाची लांबी लिहिली तरच तो आकडा पूर्ण होतो, जसे जुन्या नाण्याचे मोल त्यावरील राजमुद्रेशिवाय सांगता येत नाही. शूबा यांच्या आकृत्या बर्फावर उमटत, परीक्षक त्या वाकून वाचत, आणि पुढच्या फेरीआधी बर्फ पुन्हा सपाट केला जाई. आजचे गुणफलक त्या रेघांहून दीर्घायुषी आहेत खरे, पण तेही ज्या पृष्ठभागावर लिहिले जातात, तो ठरावीक काळाने सपाट करण्याचा अधिकार नियम करणाऱ्यांनी आपल्याकडेच ठेवला आहे.