योग आणि क्षेम

इच्छित वस्तू मिळविण्यासाठी मनुष्य अहोरात्र झटतो. परंतु ती मिळाल्यावर तिचा भार कोणी वाहावयाचा, याचा विचार तो क्वचितच करतो. आपल्या परंपरेत यासाठी ‘योगक्षेम’ हा अर्थपूर्ण जोडशब्द आहे. जे नाही ते मिळणे म्हणजे योग. जे मिळाले त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम. श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचे हे दोन्ही भार वाहण्याचे आश्वासन दिले आहे. यावरून क्षेमाचे ओझे किती जड असते, हे ध्यानात येते.

जामसर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील वसईचा किल्ला याची साक्ष देतो. सन १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकली. त्यासाठी हजारो मराठे धारातीर्थी पडले. या विजयाचे स्मृतिचिन्ह म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा नाशिक येथे गोदातीरी नारोशंकराच्या मंदिरात आहे. जव्हार-मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जाणाऱ्या भाविकांना तिचे दर्शन घडते.

तथापि विजयाबरोबरच शिबंदी, आरमार व तटबंदीची डागडुजी यांचा कायमचा खर्चही आला. सन १७४० मध्ये थोरले बाजीराव व चिमाजी अप्पा हे दोघेही बंधू निवर्तले. मधले पोर्तुगीज हटल्याने मुंबईकर इंग्रज थेट शेजारी झाले. त्यांनी १७७४ च्या अखेरीस साष्टी व १७८० मध्ये वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गमावले.

यामुळे वीरांचा पराक्रम तिळमात्र उणा होत नाही. मात्र मिळविणारा एक असतो आणि सांभाळणारे दुसरे असतात, हे सत्य त्यातून उमगते. घर, शेती, पद, कीर्ती यांचेही तसेच आहे. देवालयास घंटा अर्पण करण्याचा सोहळा एका दिवसाचा असतो. तिची साखळी, तुळई व छप्पर यांची निगा पुढील पिढ्यांना राखावी लागते.

म्हणून नवस बोलताना अथवा दान देताना ‘हे मिळो’ एवढेच न म्हणता ‘हे सांभाळण्याचे बळ मिळो, आणि ज्यांच्यावर हा भार पडेल त्यांची आठवण राहो’ अशीही प्रार्थना करावी. योगाबरोबर क्षेमाची काळजी वाहणे, हेच विवेकाचे लक्षण होय.