धूळ आणि प्रतिष्ठा

व्यवसाय बदलावा कीं बदलूं नये, हा प्रश्न तरुणपणीं सोयीचा असतो. पन्नाशीच्या सुमारास तोच नीतीचा होऊन बसतो. पंचविशीच्या मुलानें तीन नोकऱ्या सोडल्या तर तो धडपड्या ठरतो. पन्नाशीच्या गृहस्थानें एक सोडली, तर 'यांना झालें तरी काय?' अशी शेजारीं कुजबूज सुरू होते. आणि सोडलेल्या नोकरीच्या जागीं धरलेला धंदा साफसफाईचा असेल, तर विचारण्याचीही कोणी तसदी घेत नाहीं. उत्तर प्रत्येकानें मनाशीं ठरवूनच ठेवलेलें असतें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा प्रश्न नुकताच उभा राहिला. गृहस्थ पदवीधर; एका कचेरींत हिशेबाच्या कामावर त्यांनीं पंचवीस वर्षें घालविलीं. कचेरीनें माणसें कमी करण्याचें ठरविलें तेव्हां, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं घरोघर जाऊन गालिचे व सोफे स्वच्छ करून देण्याचा धंदा आरंभिला. पहिल्या वर्षीं उत्पन्न बेताचेंच झालें. पुढें बरें होऊं लागलें. परंतु घरांत वाद झाला तो उत्पन्नावरून नव्हे. मुलीच्या लग्नासाठीं स्थळांकडे पाठवावयाच्या माहितीपत्रकांत 'वडिलांचा व्यवसाय' या शब्दांपुढें काय लिहावें, यावरून तो झाला. मुलीच्या मामांनीं 'सेवाक्षेत्रांत स्वतंत्र उद्योग' हे शब्द सुचविले. गृहस्थांचें म्हणणें, 'गालिचे धुण्याचा धंदा' असेंच स्वच्छ लिहावें. या चार शब्दांच्या वादांत आपल्या मध्यमवर्गाच्या नीतीचा बराच मोठा भाग सामावलेला आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या धंद्याकडेच पाहूं. पूर्वीं युरोप-अमेरिकेंत गालिचा अंगणांत नेऊन दोरीवर टाकीत आणि छडीनें बडवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत, डाल्टन गांवाच्या परिसरांत, यंत्रावर तयार होणारे स्वस्त गालिचे मोठ्या प्रमाणांत निघूं लागले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारी जमीन गालिच्यानें झांकण्याची चाल सामान्य घरांतही पडली. जमिनीला जखडलेला गालिचा अंगणांत नेतां येत नाहीं. तेव्हां धुणाऱ्यालाच यंत्र घेऊन घरांत यावें लागलें. या धंद्याला आजचें रूप आलें तें पुष्कळसें या एका अडचणीमुळें. आपल्याकडे तशा प्रकारचे गालिचे बहुधा हॉटेलें, सभागृहें आणि कचेऱ्या यांतच आढळतात. घरांत असतो तो भदोही-मिर्झापुराकडचा किंवा काश्मीरचा एखादा हातविणीचा गालिचा, आणि त्याच्या भोवतीं कापडी सोफे.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. गालिच्यांतील मळाचा मोठा भाग म्हणजे कोरडी माती. ती आधीं शोषून न काढतां पाणी घातलें तर तिचा चिखल होतो आणि तो बुडाशीं जाऊन बसतो. लोकरीचें सूत तीव्र क्षारानें खराब होतें. म्हणून सुती कपडे धुण्याची रीत तेथें चालत नाहीं. रंग फुटतो कीं काय, हें आधीं एखाद्या कोपऱ्यांत ओल्या पांढऱ्या फडक्यानें पाहावें लागतें. पाणी अधिक झालें तर खालच्या तागाचा तपकिरी डाग वर चढतो. साबण मागें राहिला तर तोच चिकट होऊन नवी धूळ धरून ठेवतो, आणि थोड्याच दिवसांत गालिचा पूर्वींपेक्षां मळका दिसूं लागतो. यांतील बहुतेक गोष्टी गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाहींत. वरवर ओलें फडकें फिरवून गालिचा चार दिवस उजळ दाखवितां येतो, आणि तेवढ्यांत पैसे घेऊन मोकळेंही होतां येतें. अमेरिकेंत 'एका खोलीचे इतकेच' अशी जाहिरात करून घरांत शिरावयाचें आणि मग डागांचे निराळे, जिन्याचे निराळे असें बिल फुगवावयाचें, ही या धंद्यांतील बदनाम झालेली युक्ति आहे. तेव्हां ज्या धंद्यांत फसविणें इतकें सोपें, त्यांत न फसविणारा मनुष्य हा कांहीं कमी प्रतीचें काम करीत नाहीं. पंचवीस वर्षें दुसऱ्याचा हिशेब पैन् पै चोख ठेवणाऱ्या माणसाचें शिक्षण येथें वाया जातें, असें कोणीं म्हणावें?

पन्नाशीनंतर नवा उद्योग जमत नाहीं असें मानणाऱ्यांस धुळीचाच इतिहास निराळें उत्तर देतो. ओहायो राज्यांतील कँटन शहरीं जेम्स मरे स्पँग्लर नांवाचा गृहस्थ एका मोठ्या दुकानांत झाडलोटीचें काम करीत असे. त्याला दम्याचा विकार होता, आणि गालिचे झाडतांना उडणारी धूळ त्याला सोसेना. त्यानें पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून धूळ ओढून घेणारें यंत्र बनविलें. १९०८ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें, तेव्हां त्याचें वय एकोणसाठ वर्षांचें होतें. तें पेटंट विकत घेणारा विल्यम हूवर हा त्याच भागांतील चामड्याचा कारखानदार; घोड्यांचे साज हा त्याच्या धंद्याचा मोठा आधार. मोटारगाड्या येऊं लागल्या तशी साजांची मागणी ओसरणार हें त्याला दिसत होतें. तोही त्या वेळीं साठीकडे झुकलेला होता. पुढें या हूवरचें आडनांव ब्रिटनमध्यें घर झाडण्याचें क्रियापदच होऊन बसलें. एकाला दम्यानें ढकललें, दुसऱ्याला काळानें. हौस म्हणून कोणीच निघालें नव्हतें.

येथें एका आक्षेपाचा विचार करणें प्राप्त आहे. स्पँग्लर आणि हूवर यांचीं नांवें आज ठाऊक आहेत तीं त्यांचें यंत्र चाललें म्हणून. ज्यांनीं त्याच वयांत घरादाराची जमा एखाद्या धंद्यांत घातली आणि गमावली, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. पन्नाशीच्या माणसापाशीं तोटा भरून काढण्यास वर्षें थोडीं असतात. शिवाय त्याची शिल्लक ही त्याची एकट्याची नसते. तींत पत्नीच्या काटकसरीचा वांटा असतो, मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचा हक्क असतो. म्हणून किती रक्कम बुडाली तरी घराचा पाया हलणार नाहीं, हें पत्नीसह बसून आधीं ठरवावें आणि त्यापलीकडे एक रुपयाही धंद्यांत घालूं नये. मग आपल्या शरीरालाही विचारावें. जड यंत्र जिन्यानें चढवून दिवसांतून दोन-तीन घरीं गुडघ्यांवर बसणें हें पंचवीस वर्षें खुर्चींत घालविलेल्या पाठीला सोसेल काय? साहसाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत ही पाठदुखी सहसा येत नाहीं. 'हिशेब जुळत नाहीं' किंवा 'शरीर साथ देत नाहीं' म्हणून कोणी हा धंदा टाळला, तर त्याविरुद्ध आम्हांस कांहीं बोलावयाचें नाहीं. 'लोक काय म्हणतील' म्हणून टाळला, तर मात्र बोलावयाचें आहे.

कारण आपल्या महाराष्ट्रांत झाडूला मान नाहीं असें मुळींच नाहीं. गाडगेबाबा गांवोगांव हातांत खराटा घेऊन हिंडले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. उच्चशिक्षित आप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत आपणांस मैलासफाईचें काम करूं द्यावें म्हणून उपोषण केलें, आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनींही येरवड्यास उपास आरंभिला. हीं नांवें आम्ही मुलांना आदरानें सांगतों. परंतु या आदराचें पृथक्करण केलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. गाडगेबाबा परीट कुळांत जन्मले. धुणें हा त्यांच्या घरचाच धंदा. त्यांची थोरवी केवळ झाडण्यांत नव्हती, हें खरें. तरी तेंच धुणें, तेंच झाडणें पोटासाठीं जन्मभर चोख करून एखादा मनुष्य वारला, तर त्याच्या नांवाची गल्लीसुद्धां होत नाहीं. आम्ही मान देतों तो त्यागाला; कामाला नव्हे. फुकट झाडणारा साधु, आणि झाडून बिल देणारा हलका, हें आमचें गणित आहे.

हें गणित आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्याग हा थोड्यांनाच शक्य असतो. मजुरी घेऊन काम करणें हा जगाचा नित्याचा व्यवहार आहे. ज्या कामाचा मोबदला घेणें लाजिरवाणें, तें काम आम्हीं मनापासून पवित्र मानलें आहे, असें कसें म्हणतां येईल? श्रमाची प्रतिष्ठा खरोखर पारखावयाची तर ती सेवेच्या सप्ताहांत पारखूं नये. बिल हातीं पडतें त्या क्षणीं पारखावी.

मात्र आमच्या परिचयाच्या गृहस्थांनींही स्वतःला फार मोठें समजूं नये. त्यांनीं हा धंदा निवडला. पुष्कळांवर तो जन्मानें लादला गेला. जातिसंस्था ही कामांची नुसती वांटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, आणि तींत माणसाच्या आवडीला व कुवतीला विचारलेंच जात नाहीं, हें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालींच दाखवून दिलें आहे. मैला माणसाकरवीं उचलण्यास १९९३ आणि २०१३ सालच्या कायद्यांनीं बंदी झाली, तरी गटारांत गुदमरून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या अद्याप थांबलेल्या नाहींत. त्या कुटुंबांस 'सर्व कामें सारखींच पवित्र' असा उपदेश ऐकविण्याचा अधिकार पंख्याखालीं यंत्र फिरविणाऱ्यास नाहीं, आणि आम्हां लेखणीवाल्यांस तर नाहींच. गृहस्थांची कसोटी निराळ्या ठिकाणीं आहे. ते स्वतः गुडघे टेकतात, कीं दोन गरीब पोरांना कामाला जुंपून आपण वही घेऊन बाजूस उभे राहतात? त्या पोरांस मजुरी काय देतात? आणि एखाद्या घरीं त्यांना चहा कपांत आणि सोबतच्या पोराला निराळ्या पेल्यांत आला, तर ते तो चहा घेतात काय? पन्नाशींत बदललेल्या धंद्याचें नैतिक मोल या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरेल.

मामांच्या सूचनेंत खोटें असें कांहीं नव्हतें. गालिचे धुणें हें सेवाक्षेत्रच आहे, आणि उद्योगही स्वतंत्रच आहे. परंतु जें लपविण्यासाठीं खरे शब्द वापरले जातात, तें लपविणेंच असतें. लपविल्यानें स्थळ कदाचित् जमेल. पण बापाच्या कामाची लाज वाटली पाहिजे, हा धडा ती मुलगी बरोबर घेऊन सासरीं जाईल.

वाचकांनीं एक साधी गोष्ट करून पाहावी. कचेरींत बसलेल्या अनोळखी माणसाला आपण सहज 'अहो' म्हणतों. तोच मनुष्य हातांत नळी आणि बादली घेऊन दारांत आला म्हणजे तोंडांतून 'अरे, जरा इकडे ये' निघतें. त्याचें वय बदललेलें नसतें, शिक्षण बदललेलें नसतें. केस तर अधिकच पिकलेले असतात. पुढच्या वेळीं गालिचे धुणारा, नळ दुरुस्त करणारा किंवा जिना झाडणारा दारांत उभा राहील, तेव्हां त्याला 'अहो' म्हणावें, आणि काम नीट झालें कीं घासाघीस न करतां ठरलेले पैसे द्यावे. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देण्यापेक्षां हें अवघड आहे; कारण हें आपल्याच उंबऱ्यावर, रोज, आणि कोणी पाहत नसतां करावें लागतें.