पित्याचें ऋण आणि मुलांचें दुकान

मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें घेऊनच तो जगांत येतो, असें शास्त्रकार सांगतात. परंतु या उदात्त ऋणांच्या शेजारींच धर्मशास्त्रानें एक अगदीं व्यावहारिक ऋणही पुत्राच्या माथीं ठेविलें होतें; तें म्हणजे बापानें सावकाराकडून काढलेलें कर्ज. तें फेडणें हें पुत्राचें पवित्र कर्तव्य समजलें जाई, आणि इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही तें मान्य केलें. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें नव्या कर्जांपुरतें हें बंधन संपलें. झालें तें न्यायाचेंच झालें, असें बहुतेक वाचकांस वाटेल. मलाही तसेंच वाटतें.

म्हणूनच त्यानंतर पांचच वर्षांनीं अमेरिकेंत घडलेली एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. कॅलिफोर्नियांत जोन बार्न्स या बाईंनीं १९७६ सालीं लहान मुलें व त्यांचे आईबाप यांच्यासाठीं खेळाचे आणि संगीताचे वर्ग काढले. त्यांचें नांव ‘जिम्बोरी’. दहा वर्षांनीं त्याच नांवानें मुलांच्या कपड्यांचें दुकान निघालें. एकमेकांशीं रंग जुळणारे सदरे, विजारी, मोजे आणि टोप्या हें त्याचें वैशिष्ट्य. आयांना तें आवडलें आणि पाहतां पाहतां शेंकडों दुकानें झालीं. २०१० सालीं ‘बेन कॅपिटल’ या गुंतवणूक करणाऱ्या संस्थेनें तीं सुमारें १८० कोटि डॉलरांस विकत घेतलीं.

हा व्यवहार खामगांवच्या पेठेंतील एखाद्या कापडवाल्यास समजावून द्यावयाचा तर असें सांगावें लागेल: कोणा गृहस्थानें तुमचें दुकान घेतलें, किंमतीचा मोठा भाग कर्जाऊ आणला, आणि तें कर्ज दुकानाच्याच खातीं मांडलें. आतां गल्ल्यांत पडणाऱ्या पैशांतून आधीं व्याज जावयाचें, मग उरेल त्यांत माल भरावयाचा! जिम्बोरीचें तसेंच झालें. जून २०१७ मध्यें तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. शेंकडों दुकानें बंद झालीं व मालकी धनकोंकडे गेली. जानेवारी २०१९ मध्यें पुन्हां तीच पाळी आली, आणि उरलेलीं सुमारें ८०० दुकानें मिटलीं. नांव तेवढें एका प्रतिस्पर्धी संस्थेनें विकत घेतलें.

सर्व दोष कर्जाचाच होता, असें मी म्हणत नाहीं. घरबसल्या खरेदी करण्याची सोय झाली, स्वस्त मालाची चढाओढ वाढली. शिवाय या धंद्याचें गिऱ्हाईक दोनचार वर्षांत मोठें होऊन निघून जातें. परंतु वाईट सालीं ज्याच्या गांठीं कांहीं असतें तो तग धरतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज असतें तो बसतो. हें बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको. येथील कापसासाठीं १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा आला. आमचा कापूस परदेशीं जाऊं लागला, भावही तिकडेच ठरूं लागला. कर्ज मात्र येथेंच राहिलें. तरीही शेतकरी कर्ज काढतो तें आपल्या शेतासाठीं, बीबियाण्यासाठीं. कर्ज त्याचें आणि जोखीमही त्याची.

यावर कोणी म्हणेल, कर्जावांचून व्यापार चालत नाहीं. धनको डोळे उघडे ठेवूनच पैसे देतो, आणि मालकी गेली तेव्हां घेणाराही बुडालाच. हें सर्व खरें आहे. पण फळीवर झबलीं रचणाऱ्या नोकरानें कोणत्या कर्जखतावर सही केली होती? त्याची भाकरी मात्र त्याच कर्जानें गेली.

येथें आपल्या जुन्या शास्त्रकारांचा एक विवेक उपयोगी पडतो. पुत्रानें पित्याचें कर्ज फेडावें असें सांगतांनाच, जुगार आणि मद्य यांपायीं झालेलें कर्ज त्याच्यावर बंधनकारक नाहीं, असेंही त्यांनीं सांगून ठेविलें. कर्ज कशासाठीं काढलें, हा प्रश्न त्यांनीं प्रथम विचारला. तोच येथें विचारावा. १८० कोटींतील पैसा जुन्या भागधारकांच्या हातीं गेला. त्यानें दुकानांत एक परकरही नवा शिवला गेला नाहीं. विकत घेणाऱ्याची हौस आणि दुकानाची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानें हा भेद ओळखला आहे: सार्वजनिक कंपनीनें आपलेच भाग घेणाऱ्यास पैशाची मदत करूं नये, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे.

आपल्या घरांतील मुलाचें पहिलें झबलें पुष्कळदां आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचें असतें. वडील माणसांनीं पुढच्यांस आपलें जुनें द्यावें, यांत कमीपणा नाहीं. मात्र देण्यापूर्वीं तें त्यांच्या अंगाला टोंचणार नाहीं ना, हें पाहणें देणाऱ्याचें काम आहे. घरांत आजी तें न सांगतां पाहते. व्यापारांत तें कोणीं पाहावयाचें, एवढाच माझा प्रश्न आहे.