हा नकार कुणाचा?

ॲनोरेक्सिया झालेली मुलगी ताट बाजूला सारते आणि म्हणते, "नको." घरातले याला कधी हट्ट म्हणतात, कधी थेरं, कधी इन्स्टाग्रामचं खूळ. १८७०च्या दशकात या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव देणारे लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनाही वाटायचं, की रुग्णाला वेळच्या वेळी भरवावं आणि तिच्यावर नैतिक वचक असणारी माणसं भोवती ठेवावीत. नातेवाईक या कामाला सहसा निरुपयोगी, असंही त्यांचं मत. (आज किशोरवयीन मुलींच्या उपचारात घरच्यांनाच हाताशी धरतात, ती गोष्ट वेगळी.)

वचक कुणावर ठेवायचा, हा प्रश्न आता अवघड झालाय. २०२३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ॲनोरेक्सिया असलेल्या ७७ आणि निरोगी ७० स्त्रियांच्या आतड्यांतले जिवाणू तपासले. मग काही जणींची विष्ठा अशा उंदरांच्या पोटात सोडली, ज्यांच्या आतड्यात आधी एकही जिवाणू नव्हता. सगळ्यांना खाणं मोजूनमापूनच दिलं. आजारी स्त्रियांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन सुरुवातीला जास्त घटलं, आणि नंतर भरलंही सावकाश. उंदरांना ना आरसा ठाऊक, ना झिरो फिगर.

पण उपासमारीनंही जिवाणू बदलतात. आणि मनही. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. तरी ते खिन्न झाले, चिडचिडे झाले, एकेका ताटाशी तासन्‌तास रेंगाळू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

म्हणजे दोष तिचा नाही, पोटातल्या जिवाणूंचा? आईबापांना हे ऐकून केवढं हलकं वाटेल! मला मात्र इथे भीती वाटते. तिचं 'नको' जिवाणूंचं ठरलं, की तिला विचारायची गरजच उरत नाही. आज जेवणाला नको म्हणाली तर 'हा तिचा आजार बोलतोय', उद्या औषधाला किंवा लग्नाला नको म्हणाली तरी तेच. माझं 'हो' मात्र कुणी तपासत नाही. चार वाजता मला वडापावची तल्लफ येते, त्यात माझे जिवाणू किती आणि मी किती?

हृदय थकायला लागलं, जीव जायची वेळ आली, तर तिच्या मनाविरुद्ध नळीनं अन्न द्यावं, असंच मला वाटतं. तिला आता धड निवड करता येत नाहीये, हे त्यामागचं कारण. मेलेल्या माणसाला मत बदलता येत नाही, हे दुसरं. पण तेव्हा तिला खरं सांगावं: आम्ही तुझ्या जिवाणूंना नाही, तुला डावलतोय. आणि नळी निघाल्यावर, अंगात थोडं बळ आल्यावर, तिला पुन्हा विचारावं. तेव्हाही ती कदाचित रागावूनच बोलेल. पुढचा घास तिलाच गिळायचाय, दिवसातून पाच-सहा वेळा, कित्येक महिने, पोट फुगल्यासारखं वाटत असताना.