उपदेशाचा अधिकार

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून कित्येक पिढ्या सुधाकराच्या नाशाबद्दल हळहळत आल्या. पण सुधाकराला उपदेश करणाऱ्यांची काही वाण नव्हती. सिंधूसारखी साध्वी घरात होती, रामलालसारखा स्नेही पाठीशी होता. मध्यंतरी त्याने दारू सोडण्याचा निश्चयही केला आणि तो निश्चय खोटा नव्हता. तरीही तो बुडाला. पिण्यासाठी तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ होते. सोडण्यासाठी मात्र एकही मंडळ नव्हते.

उपदेश करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. आपल्याकडे गुळाची एक गोष्ट सांगतात. मुलाला गूळ सोडायला सांगण्यापूर्वी साधूने स्वतः गूळ सोडला, आणि मगच तोंड उघडले. तात्पर्य असे की, जो दोषातून सुटला त्यानेच दुसऱ्याला शिकवावे. गोष्ट चांगली आहे. पण तीत साधू उंचावर बसतो आणि मूल खालीच राहते. दारुड्या माणसाला ही उंची सोसत नाही. आधीच तो स्वतःच्या नजरेतून उतरलेला असतो. त्यात वरून आलेला शब्द त्याला दगडासारखा लागतो.

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी निराळेच काही घडले. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक व्यावसायिक तेथे कामासाठी आला होता. त्याची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. त्या काळात त्याने अनेक मद्यपींना उपदेश केला. एकाचीही दारू सुटली नाही. अ‍ॅक्रनमधले काम फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकीकडे मद्यगृहातील हशा ऐकू येत होता, दुसरीकडे टेलिफोन होता. तो टेलिफोनकडे वळला. कोणाला तरी वाचवावे म्हणून नव्हे, तर आपण स्वतः वाचावे म्हणून त्याने एखाद्या मद्यपीचा शोध चालवला. अशा रीतीने त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर पंधराच मिनिटे बसण्याच्या बोलीवर आले, आणि कित्येक तास बसले. पुढे एकदा त्यांचा तोल गेला. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी मरेपर्यंत दारूला स्पर्श केला नाही. तो दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळाचा जन्मदिवस मानला जातो.

डॉक्टरांनी या परक्याचे का ऐकले? मद्याचे दुष्परिणाम त्यांना कोणी शिकवायला नको होते. परंतु समोरचा माणूस उपकार करायला आला नव्हता. त्याचीही गरज तेवढीच होती. मदत देणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसले, तेव्हा शब्दाला धार आली. येथे अधिकार पावित्र्यातून आला नाही, जखमेतून आला.

भारतात हे कार्य १९५७ पासून आहे. शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत माणसे वर्तुळ करून बसतात. आडनाव कोणी विचारीत नाही. वर्गणीची सक्ती नसते. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच पात्रता. एकेकजण आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही. प्रतिज्ञा जन्माची नसते, आजच्या दिवसापुरती असते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून वर आलेली माणसेच नव्यांना हात देतात.

सभेचा पत्ता मिळणे फारसे कठीण नाही. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तो कळतो. कठीण असतो तो उंबरठा. भर दिवसा गुत्त्यात शिरताना जो लाजला नाही, तोच सभेचा जिना चढताना 'कोणी पाहील' म्हणून मागे वळतो! पहिल्या दिवशी कोणी फाटकापर्यंत सोबत गेले तर ते मोठेच काम होय.

काहींना ईश्वरी शक्तीची तेथील भाषा रुचत नाही. काहींना सभा मानवतही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन परीक्षणात सत्तावीस अभ्यास पडताळले गेले. या मार्गाचे फळ, विशेषतः दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य उपचारांच्या तोडीचे किंवा सरस दिसले. मात्र वर्षानुवर्षे पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर झटके येतात, भ्रम होतो, प्राणावरही बेतते. म्हणून वैद्य आधी गाठावा.

आणि सिंधूचे काय? घरच्यांसाठी अल्-अनॉन हे निराळे मंडळ १९५१ पासून आहे. नवरा सुधारो न सुधारो, तिला आपले दुःख बोलायला जागा हवीच. तिच्या सोसण्याला आपण फार काळ नुसते नमस्कार केले.

दिवाळीच्या दिवसांत घरोघर पाहुणे जमतात. एखाद्या काकांनी किंवा मेहुण्यांनी पेला नाकारला, तर 'आज सणाचा दिवस, एकच घ्या' असा आग्रह होतो. आग्रह करणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु त्या नकारामागे किती संध्याकाळी, किती लाकडी बाकडी आणि किती अनोळखी माणसांचे ऐकणे उभे आहे, हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी कारण न विचारता सरबताचा पेला पुढे करावा, आणि फराळाचे ताट सर्वांबरोबर मांडावे.