मंत्रचळ आणि देवाची कृपा

आधारवचन: योहानाचे पहिले पत्र 3:19-20



अंबरनाथ येथील शिवमंदिर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधील आहे. त्याच्या शेजारून वालधुनी नदी वाहते. उपासनेपूर्वी हातपाय धुण्याची रीत अनेक धर्मांत आहे आणि तीत काही वावगे नाही. परंतु एखाद्याने हात धुतले, तरी ‘ते स्वच्छ झाले काय?’ ही शंका राहिली. पुन्हा धुतले, तो शंका दुप्पट झाली. कातडी फाटून रक्त आले तरी धुणे थांबेना, तर त्यास काय म्हणावे? आपल्या भाषेत त्यास मंत्रचळ असे जुने नाव आहे. हे पाप नव्हे, हा एक आजार आहे.

या आजाराची दोन अंगे आहेत. एक, मनात बळेच शिरणारा नकोसा विचार. दुसरे, तो शमविण्यासाठी पुनःपुन्हा केलेले कृत्य. कोणी कुलूप दहा वेळा ओढून पाहतो. एखाद्या आईच्या मनात आपल्याच लेकरास इजा करण्याचा विचार येतो व ती भयाने थरथरते. असा विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. कोणा भाविकाच्या मनात ऐन प्रार्थनेत देवनिंदेचे शब्द उठतात. मग तो तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हणतो, तेच पाप पाळकांपाशी पुनःपुन्हा कबूल करतो, आणि तरी त्यास शांती नाही.

जॉन बन्यन हे नाव आपणांस परिचित आहे. त्यांचा ग्रंथ हरि केशवजी यांनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणला. बन्यन यांनी 1666 मध्ये आपली आत्मकथा प्रसिद्ध केली. तीत ते सांगतात की, देवळातील घंटा अंगावर पडेल या भयाने ते तुळईखाली उभे राहिले. मग घंटा भिंतीवर आपटून आपणांवर येईल असे वाटून दारात गेले. मग मनोराच कोसळेल असे वाटून तेथूनही पळाले. पुढे ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार दीर्घकाळ त्यांचा पिच्छा पुरवीत होता. आजचे अनेक अभ्यासक यात मंत्रचळाची लक्षणे पाहतात. असा मनुष्य अविश्वासू होता असे कोण म्हणेल?

शंका ही सावकारासारखी आहे. व्याज द्यावे तो क्षणभर दार सुटते. मुद्दल तसेच राहते, आणि उद्या तो पुन्हा दारी उभा. म्हणून 1966 मध्ये लंडन येथील व्हिक्टर मेयर यांनी उपचाराची नवी वाट दाखविली: रोग्याने भयास सामोरे जावे, परंतु ते नेहमीचे कृत्य करू नये. व्याज न मिळाल्याने भय हळूहळू ओसरते. हे जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करावयाचे असते. या आजारावर गुणकारी औषधेही आहेत.

मंडळीतील वडीलजनहो, येथे आपली जबाबदारी येते. अशा पीडितास ‘आणखी प्रार्थना कर’ एवढेच सांगू नका; त्याच्यासाठी प्रार्थना हेच पुनरावृत्तीचे कृत्य झालेले असू शकते. ‘तुला भूत लागले’ असेही म्हणू नका. ‘मला क्षमा झाली ना?’ असे त्याने विचारल्यास एकदा प्रीतीने उत्तर द्या. दहाव्यांदा तेच उत्तर देणे म्हणजे सावकारास व्याज भरणे होय. त्याऐवजी त्याच्याबरोबर वैद्याकडे जा. बदलापूर व अंबरनाथकडील बंधूंस ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय दूर नाही; आणि ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो.

आपले अंतःकरण आपणांस दोषी ठरविते, तेव्हा प्रेषित आपली दृष्टी अंतःकरणाहून थोर असलेल्या देवाकडे वळवितो. आपणांस तारणारी आपल्या मनाची खात्री नव्हे, तर त्याची कृपा. ज्याची शंका अजून गेली नाही, त्यासही तो धरून आहे. तर अशा बंधूचा हात आपणही धरू या. आमेन.